अर्धा किलो भडंगाचं दीड किलो वजन

छोट्या दुकानदाराला तंत्रज्ञानाची भीती वाटते, त्याची मानसिकता बदलली पाहिजे, असं भाषण सांगलीत कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये चालूच असतं. बॅनर, चहा, शेवटी प्रमाणपत्र. मीही अशा कार्यक्रमांना जाऊन बसले आहे. सासूबाई कधी आल्या नाहीत, कारण त्या वेळी त्या भडंगाच्या कढईपुढे असतात. पण भीती म्हणाल तर ती त्यांना कधीच नव्हती. यूपीआय २०१६ मध्ये आलं, आमच्या गल्लीत पोचायला थोडा वेळ लागला. पण लॉकडाऊननंतर काउंटरवर क्यूआर लागला आणि सुट्ट्या पैशांची कटकट मिटली तेव्हा शेजारच्या फुलवाल्या मावशींच्या मागे लागून त्यांनीच तो घ्यायला लावला. शेंगदाणे खवट निघाले तर व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून झापतात, आणि त्याने ऐकलं की नाही ते निळ्या झालेल्या माइकच्या खुणेवरून तपासतात. यूपीआयवर दुकानदाराला काही कापून जात नाही, पैसे तिथल्या तिथे खात्यात दिसतात. असं काही समोर आलं की माणसं शिबिराची वाट बघत नाहीत.

मग आमच्या भडंगाची ऑनलाइन विक्री का अडली? ती कुठे कुठे अडली ते सांगते.

आमचा धंदा भडंगाचा. हरभट रोडच्या मागच्या गल्लीत दहा बाय बाराचं भाड्याचं दुकान, आणि माल होतो तो घरी. सांगली-कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी एवढंच सांगते की भडंग म्हणजे चिवडा नव्हे आणि भेळही नव्हे. जाडसर, टपोरे चुरमुरे आधी कोरडे करून घ्यायचे, तेलात शेंगदाणे तळून काढायचे, त्याच तेलात सालासकट ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता सोडायचा. लसणातला ओलावा पुरता गेला पाहिजे, पण तो काळा पडता कामा नये. सासूबाई हे कानाने ठरवतात. तडतड थांबली की झारा. मग तिखट, हळद, मीठ, आणि आच बंद केल्यावर चुरमुरे आणि पिठीसाखर. पुण्याला परत निघालेला कोणीही बॅगेत किलो-दोन किलो भडंग टाकल्याशिवाय स्टँडवर जात नाही. बंगळुरूला कंप्युटरात असलेली गल्लीतली पोरं तर दिवाळीनंतर पिशव्या भरून नेतात आणि महिन्याभरात फोन करतात, "काकू, संपलं. पाठवता का?"

हे "पाठवता का" खूपदा ऐकल्यावर २०२३ च्या शेवटी आम्ही ठरवलं की एका मोठ्या शॉपिंग साइटवर माल लावायचा. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. मी बी.कॉम., हिशेब माझ्याकडेच असतो.

आधी प्रश्न आला, धंदा कुणाच्या नावावर? आप्पांचे, म्हणजे सासऱ्यांचे, गुडघे गेल्यापासून सगळं सासूबाईच बघतात, म्हणून त्यांच्याच नावाने उद्यम नोंदणी करायचं ठरलं. छोट्या-मध्यम धंद्यांसाठीची ही सरकारी नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे, आधार आणि पॅनवर होते आणि पूर्ण फुकट आहे. फुकट आहे हे मुद्दाम लिहिते, कारण सरकारी वाटावं असं रूप घेतलेल्या साइट्सनी आमच्या ओळखीच्या दोघांकडून यासाठीच पैसे उकळले आहेत. पण आधारचा ओटीपी ज्या नंबरवर जात होता ते सिम बंद पडून जमाना झाला होता. नंबर बदलायला आधार केंद्रावर गेलो. तिथल्या पोराने सासूबाईंचा अंगठा काचेवर ठेवला; लाल. ओल्या टिश्यूने पुसून पुन्हा ठेवला, लाल. मग तर्जनी, मग दुसरा हात. तो वाकून बोटं बघत म्हणाला, "मावशी, रेषाच नाहीत हो."

"रेषा कशाला बघतोस? भविष्य सांगणार हाईस व्हय?"

चाळीस वर्षं तापलेल्या झाऱ्याचा दांडा धरून आणि तिखटमिठात हात घालून त्यांची बोटं गुळगुळीत झाली आहेत. शेवटी डोळ्यांच्या मशीनवर काम झालं. रांगेत आमच्या मागे एक गवंडी उभे होते, त्यांनी आपल्या तळहाताकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "डोळ्यांचं मशीन सगळ्यांना देतात का?"

उद्यमचं प्रमाणपत्र आलं. त्यात आम्ही "सूक्ष्म". सूक्ष्म म्हणजे तेव्हा पाच कोटींपर्यंत उलाढाल. १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा कोटी झाली आहे. म्हणजे वर्षाला बारा लाखांच्या आत घुटमळणारी आमची कढई आणि दहा कोटींचा कारखाना एकाच डब्यात. योजना, पोर्टल, अर्ज हे सगळं त्या डब्यासाठी बनतं, आणि बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण असतं हे अर्ज भरताना लगेच लक्षात येतं. "तुमच्या अकाउंट्स विभागाचा ईमेल", "गोदामाचा पत्ता", "अधिकृत सहीकर्त्याचं पदनाम". पदनामात मी "सून" लिहिणार होते.

पुढे जीएसटी. आमची उलाढाल चाळीस लाखांच्या कितीतरी खाली, त्यामुळे दुकानाला नोंदणीची गरज नव्हती. पण ऑनलाइन बाजारातून माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी हवीच, असा नियम बरीच वर्षं होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात सवलत आली. राज्यातल्या राज्यात विकणार असाल तर नोंदणीशिवायही चालतं, फक्त एक एनरोलमेंट नंबर घ्यायचा. हे वाचून मी खूश झाले होते. पण आमचं अर्धं गिऱ्हाईक बंगळुरूला. शिवाय सांगलीवाल्याला राज्याची हद्द ही काय भानगड आहे तेही बघा. मिरजेहून तास-दीड तासावरचं अथणी परराज्य, आणि ट्रेनमध्ये रात्र काढून जायचं ते गोंदिया आपलं. अथणीचा माणूस सकाळी येऊन दुकानातून भडंग घेऊन गेला तर काही नाही. तोच घरी बसून मोबाइलवर मागवेल तर आंतरराज्य व्यवहार, आणि त्याला पूर्ण नोंदणी.

पूर्ण नोंदणी करायची तर धंद्याच्या जागेचा पुरावा लागतो. जागा स्वतःची असेल तर लाइटबिल किंवा घरपट्टी, भाड्याची असेल तर करारनामा किंवा मालकाचं संमतिपत्र. इथे आमचे बरेच दिवस गेले. दुकान आजेसासऱ्यांच्या काळापासूनचं, करार तोंडी, भाडं इतकं किरकोळ की सांगायला लाज वाटावी. पूर्वीच्या भाड्याच्या पावत्या एका पत्र्याच्या पेटीत होत्या. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेने धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडली आणि पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं, तेव्हा ती पेटीही पाण्यात गेली. पूर ओसरल्यावर तिच्यातून निघाला तो नुसता लगदा.

मालक काकांकडे गेलो. पेढे नेले होते. त्यांनी चहा पाजला, आप्पांच्या गुडघ्यांची चौकशी केली, संमतिपत्राचा मसुदा चष्मा लावून दोनदा वाचला आणि परत दिला.

"वहिनींना सांगा, भडंग पाठवा म्हणावं. पण सही नको. आज जीएसटीला देतो, उद्या हाच कागद कोर्टात दिसायचा."

त्यांची भीती अगदीच उगाच नव्हती. जुन्या भाडेकरूला कायद्याचं संरक्षण आहे, आणि भाडेकरूच्या हातात एक कागद जास्त पडला की मालकाच्या पोटात गोळा येतो. सांगलीच्या जुन्या पेठांत निम्मी दुकानं अशाच तोंडी विश्वासावर चालली असतील. हा विश्वास धंद्याला पुरतो. पोर्टलला तो अपलोड करता येत नाही. अडथळ्यांवरच्या भाषणांत इंटरनेटचा वेग येतो, इंग्रजी येतं, पण घरमालक मी तरी कधी ऐकला नाही.

मग घराचाच पत्ता द्यायचं ठरलं, तसाही माल तिथेच होतो. तर लाइटबिल आजेसासऱ्यांच्या नावावर, आणि ते जाऊन मला या घरात येऊन झाली त्याहून जास्त वर्षं झाली. घरपट्टी मात्र आप्पांच्या नावावर झालेली होती, तेवढं बरं. अकाउंटंटनी मार्ग काढला. आप्पांनी स्टँपपेपरवर लिहून दिलं की माझ्या मालकीच्या घरातील स्वयंपाकघर माझी पत्नी हिने व्यवसायासाठी वापरण्यास माझी हरकत नाही. नोटरीपुढे सही करताना आप्पा एकदम गंभीर. सासूबाईंनी तो कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाल्या, "आणि आत्तापर्यंत कुणाच्या हरकतीनं तळत होते मी?"

त्यावरही खुलासा मागवणारी नोटीस आली, कारण आधारवर सासूबाईंचं नाव आडनावापासून सुरू होतं आणि पॅनवर आडनाव शेवटी, शिवाय आप्पांच्या नावापुढचा "राव" एका ठिकाणी होता आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हता. उत्तर दिलं. नंबर आला.

नंबर आल्यावर जे कळलं ते आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जीएसटी नंबर हा ऑनलाइन विक्रीपुरता नसतो, तो अख्ख्या धंद्याचा असतो. बंगळुरूला चार पाकिटं पाठवायची म्हणून नंबर घेतला, की गल्लीतल्या मास्तरांनी कागदाच्या पुडीत नेलेल्या पाव किलोवरही कर बसतो. तेव्हा दर असा होता की सुटं भडंग ५ टक्के आणि तेच भडंग पाकिटात भरून लेबल लावलं की १२ टक्के. कढई एक, झारा एक, दर दोन. (२२ सप्टेंबर २०२५ पासून नमकीनवरचा दर सरसकट ५ टक्के झाला, हे फार बरं झालं.) मास्तरांना भाव वाढवून सांगायची आमची छाती झाली नाही. तो कर आम्हीच सोसला. तेल-शेंगदाण्यांवर भरलेला कर थोडाफार वळता होतो, पण त्यासाठी समोरच्याने पक्कं बिल दिलं पाहिजे, आणि आमचा चुरमुरेवाला भट्टीवरून सायकलवर पोती आणतो. त्याच्याकडे बिल मागितलं तर त्याने पाठकोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला. तिमाही विवरणपत्र, महिन्याला भरणा, अकाउंटंटची फी. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र चुकवायचं नाही, नाहीतर दिवसाच्या हिशेबाने विलंबशुल्क.

अन्नसुरक्षेची नोंदणी त्यामानाने सोपी गेली. तेव्हा बारा लाखांच्या आतल्याला साधी नोंदणी होती, वर्षाला १०० रुपये. चौदा आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर छापायचा.

पाकिटावर बाकी काय काय छापायचं त्याची यादी काढली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या पुडीवर आजवर काहीच छापलेलं नव्हतं, कारण जे विचारायचं ते गिऱ्हाईक तोंडावर विचारायचं. आता घटक उतरत्या प्रमाणात, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंमत, पॅकिंगची तारीख, बॅच नंबर, कुठवर खावं ती तारीख, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक सेवेचा फोन. पोषणमूल्यांचा तक्ता हवा म्हणून नमुना पुण्याच्या लॅबला पाठवला. ग्राहक सेवेचा फोन म्हणजे माझाच नंबर. रात्री साडेअकराला एका गृहस्थांनी पिंपरीहून फोन करून विचारलं की यात लसूण आहे का. पाकीट हातात होतं त्यांच्या.

यात खरा घोळ झाला तो तारखेचा. सासूबाईंना विचारलं, आपलं भडंग किती दिवस टिकतं? त्या म्हणाल्या, "टिकायला उरतंय कुठं?" साइटला मात्र महिने हवे होते. गोदामात ठेवून विकायचं तर माल पोचल्यावरही बरेच दिवस शिल्लक असायला हवेत. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तर अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं की गिऱ्हाइकाच्या हातात माल पडेल तेव्हा एकूण मुदतीच्या निदान ३० टक्के किंवा ४५ दिवस उरलेले असावेत. गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं तर योग्यच आहे. पण घरच्या तेलातल्या तळणाला ते जड जातं. आम्ही फडताळात पाकिटं ठेवून बघितली, प्रत्येकावर खडूने तारीख. आधी मऊ पडतात ते चुरमुरे नव्हेत, हे तेव्हा कळलं. आधी बिघडतो तो शेंगदाणा. नाकाला खवट येतो आणि मागाहून जिभेला. आणि गरम भडंग पाकिटात भरलं तर आतून वाफ धरते, रात्रीतून सगळं चामट. म्हणून पूर्ण गार करून, दुपारच्या आत, पावसाळ्यात पंखाही न लावता भरायचं. वाड्यातल्या ओल्या हवेत पंखा म्हणजे चुरमुऱ्यांना पाणी पाजणं. सासूबाईंना हे आधीपासून माहीत होतं, फक्त त्यांना ते कधी कुणी तारखेच्या भाषेत विचारलं नव्हतं.

माल लावण्याचं काम एका संध्याकाळचं. फोटो दिराने पांढऱ्या चार्टपेपरवर काढले, वर्णन मी लिहिलं. वर्गवारीत भडंग नव्हतं, नमकीनमध्ये बसवलं. ज्या कामासाठी शिबिरं भरतात ते हे, आणि ते सगळ्यात सोपं निघालं.

पहिल्या ऑर्डरी आल्या तेव्हा घरात आनंदीआनंद. एक बंगळुरूची, एक ठाण्याची, एक चक्क भोपाळची. आम्ही अर्ध्या किलोचं पाकीट, चुरा होऊ नये म्हणून खोक्यात नीट बसवून पाठवलं. आठवड्याने हिशेबाचा कागद आला आणि त्यात पाठवणीचा आकार मी धरला होता त्याच्या कितीतरी वर. मला वाटलं चूक झाली. फोन लावला, बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलली, फार सौजन्याने बोलली. "मॅम, तुमच्या पार्सलचं वजन दीड किलो लागलंय."

"अहो, पाकिटावर पाचशे ग्रॅम छापलंय!"

"मॅम, ते व्हॉल्युमेट्रिक आहे."

मग समजून घेतलं. कुरिअरवाले दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं, आणि एक खोक्याच्या आकाराचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. दोन्हींत जे जास्त ते तुमचं वजन. आमचं खोकं ३० बाय २० बाय १२. गुणाकार ७२००, भागिले ५०००, म्हणजे १.४४ किलो, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांत मोजतात म्हणून दीड. गाडीत जागा जाते हे मान्य. पण भडंगात असतं काय? फुललेला तांदूळ, म्हणजे बरीचशी हवा. ती आम्ही सांगलीतून बंगळुरूला भाड्याने पाठवत होतो.

सासूबाईंना हे समजावताना मी कागदावर खोकं काढलं. त्यांनी ऐकलं, मग उठून देव्हाऱ्याशेजारचा हळदीचा पुडा आणून माझ्यापुढे ठेवला. अर्ध्या किलोचा, तळहातापेक्षा जरासा मोठा. "ह्याला किती पडंल?" त्या एवढ्याशा पुड्याला खोकं केलं तरी काटा पाचशेच्या आसपासच राहतो, आणि गुणाकार-भागाकार त्याच्या खालीच. अडचणीचं मूळ त्यांनी माझ्याआधी पकडलं होतं.

या एका भागाकाराने सगळा हिशेब उलटा केला. दुकानात अर्धा किलो विकून जे सुटत होतं, ते ऑनलाइन विकून सुटेना. कमिशन गेलं, ठरावीक शुल्क गेलं, दीड किलोचं भाडं गेलं. भाव वाढवला तर तिथेच शेजारी मोठ्या कंपनीचा चिवडा निम्म्या किमतीत दिसतो. त्यांचा माल ट्रकने त्या शहरातल्या गोदामात आधीच जाऊन पडलेला असतो, त्यामुळे त्यांची हवा घाऊक भाड्याने जाते आणि आमची किरकोळ. माल हातात पडल्यावर पैसे द्यायची ऑर्डर असेल आणि गिऱ्हाइकाने दार उघडलंच नाही, तर तेच खोकं परत सांगलीला. परत आलेलं भडंग उघडून बघितलं, तर खाली नुसता भुगा. तो विकता येत नाही. शिवाय पैसे खात्यात यायला आठवडा-दीड आठवडा, आणि शेंगदाणेवाला उधारी ठेवत नाही. मोठ्या व्यापाऱ्याला दहा दिवस म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे दहा दिवसांत दोन पोती शेंगदाणे आणि तेलाचा डबा अडकतो. साइट मात्र म्हणते, जाहिरात लावा, सवलत द्या, म्हणजे वर दिसाल.

याच सुमारास ओळखीच्या एकांनी ओएनडीसीचं (ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स) सुचवलं. ३१ डिसेंबर २०२१ ला ही कंपनी सरकारी पुढाकाराने स्थापन झाली, ना-नफा तत्त्वावर. कल्पना मला पटते. विकणाऱ्याने एकाच साइटच्या दावणीला बांधून राहू नये, एका ठिकाणी लावलेला माल अनेक ॲपवर दिसावा. पण चुरमुऱ्यातली हवा कुठल्याही जाळ्यावर हवाच राहते. आमचा प्रश्न दिसण्याचा नव्हता, पोचवण्याचा होता.

भडंग आम्ही त्या साइटवरून काढलं.

भडंगाऐवजी नुसता त्याचा मसाला विकायची कल्पना बंगळुरूच्याच एका पोराची. तो म्हणाला, "काकू, इथे चुरमुरे ढिगाने मिळतात, कानडीत मंडक्की म्हणतात. शेंगदाणेही मिळतात. मिळत नाही ती फक्त तुमची चव." तिखट, हळद, वाळवलेला तळलेला लसूण, कढीपत्ता, मीठ, पिठीसाखर यांचं कोरडं मिश्रण, दोनशे ग्रॅमचं पाकीट, खोकंही नको, जाड लिफाफा पुरतो. गुणाकार-भागाकार काट्याच्या खालीच राहतो. मुदतीचा प्रश्नही सुटतो, कारण खवट होणारा शेंगदाणा त्यात नाही.

सासूबाई तयार होईनात. त्यांचं म्हणणं, मसाला विकला म्हणजे हात विकला. तीन गल्ल्यांपलीकडे आमचीच एक जुनी बाई आता स्वतः भडंग करून विकते, तिने पाकीट आणून चाखलं तर? या शंकेला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. ज्याच्याकडे ना ट्रेडमार्क ना कारखाना, त्याची सगळी मालमत्ता प्रमाणातच असते, आणि ऑनलाइन जायचं म्हणजे नेमकी तीच पाकिटात घालून पोस्टाने जगाला पाठवायची. शेवटी त्यांनी स्वतः तोड काढली. लसूण किती तळायचा हे पाकिटात दिसत नाही, असं म्हणून एक गोष्ट त्यांनी मिश्रणातून वगळली आणि ती काय ते मलाही सांगितलेलं नाही. चव थोडी उणी आहे. चालते.

आता साइटवर मसाला आहे, राजापुरी हळदीची पूड आहे आणि तासगावचे बेदाणे आहेत. सगळं जड आणि आटोपशीर. सांगलीच्या बेदाण्यांना २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा शिक्का पाकिटावर हवा असं मला फार वाटतं. पण त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. तो अर्ज अजून भरायचा आहे. जागेचा पुरावा त्यालाही लागला तर नोटरी माहितीचे झाले आहेत.

भडंगाची सोय जुन्याच रस्त्याने लागली. व्हॉट्सॲपवर आठवड्याची यादी निघते, पैसे यूपीआयने आधी येतात, आणि शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सला एक मोठं पोतं चढतं. पुण्याला स्वारगेटच्या अलीकडे एक भाचा उतरवून घेतो. बंगळुरूला ती पोरं आळीपाळीने. ट्रॅव्हल्सवाला पोत्याकडे नजर टाकतो, हाताने उचलून बघतो आणि भाव सांगतो. भागाकार नाही. प्रत्येकाचं बिल मात्र आता पक्कं, नंबरासकट फाडते, कारण नंबर घेतला तो घेतला.

मसाल्यावर पहिली तक्रार हुबळीहून आली, की भडंग मऊ होतं. तिकडची मंडक्की आमच्या चुरमुऱ्यांपेक्षा पातळ, ती आधी भाजून घ्यावी लागते. पाकिटावर तीन ओळी छापल्या होत्या, त्या कोण वाचतं. म्हणून सासूबाईंचा आवाज रेकॉर्ड केला, दोन मिनिटांचा, आच किती आणि कढई कुठली इथपासून. फोन आला की तोच पुढे पाठवते. मध्येच त्या म्हणतात, "आणि पंखा बंद करा आधी." कानडी येणाऱ्या एका सुनेने तो तिच्या भाषेत करून पाठवला आहे, पुढच्या छपाईत पाकिटावर त्याचा क्यूआर टाकायचा आहे, जागा करायला प्रति ग्रॅम किंमतीची ओळ जरा खाली सरकवावी लागेल.